जुन्या पिकअपला मागे जाड टायर: रुंदी वाढवायची की उंचीही?

मागे जाड टायर, पुढे बारीक, आणि गाडी किंचित नाकावर झुकलेली. जुन्या पिकअपला हा थाट शोभतो, त्यात वादच नाही. अमेरिकेत शेवरोलेट सी-10 किंवा फोर्ड एफ-100 अशाच उभ्या करतात. ताकद मागच्या चाकांना जाते म्हणून रबरही मागेच, हा तिथल्या ड्रॅग रेसिंगचा हिशेब. आपल्याकडे नाशिक-निफाड पट्ट्यात मात्र हौशी माणसाच्या दारात असते ती जीपच्या घडणीची जुनी महिंद्रा. लोखंडी हौदा, खाली स्प्रिंगचे पाटे आणि 6.00-16 चे, म्हणजे 16 इंची रिमवरचे जुन्या पद्धतीचे नायलॉन टायर. तिला मागे मोठे टायर टाकायचे झाले, तर पर्याय मुळात दोनच: उंची तीच ठेवून रुंदी वाढवायची, किंवा दोन्ही वाढवायच्या. दिसायला फरक थोडा, चालवताना फार मोठा.

आधी मापं. 6.00-16 चा टायर साधारण 730 मिलिमीटर उंच आणि 160 च्या आसपास रुंद. 15 इंची, 7 इंच रुंद रिमवर 235/75 टाकला (235 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 75 म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के) तर उंची 733 येते. म्हणजे कंपनीच्या टायरएवढीच. 255/70 आर 15 चे 738. आणि ज्याला सगळे नुसते ‘एकतीस’ म्हणतात तो 31x10.50 आर 15 म्हणजे 787 मिलिमीटर उंच, 267 रुंद. टायर कंपनीप्रमाणे यात पाच-दहा मिलिमीटरचा फरक पडतो, पण निर्णय बदलेल इतका नाही.

पुढे 235/75 आणि मागे 255/70 ही जोडी मला सगळ्यात शहाणी वाटते. मागून गाडी भरलेली दिसते, पण उंचीतला फरक एक टक्काही नाही. स्पीडोमीटर खरं बोलतो, गिअरचा अंदाज बदलत नाही. एकच करा: 255/70 चे दोन टायर नक्की मिळणार आहेत हे आधी पक्कं करा, मगच रिमला पैसे द्या. ते मिळत नसतील तर चारही चाकांना 235/75 टाकून मोकळे व्हा. थाट थोडा कमी होईल, डोकेदुखी शून्य.

आता मागे ‘एकतीस’ टाकला तर काय होतं ते बघू. पुढे 733 असताना मागची उंची सात टक्क्यांनी वाढते. काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 64 ने पळत असते. महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपला 5.38 चं क्राउन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी, येतं. ते आहे तसंच राहतं, पण गाडी ओढते 5.01 असल्यासारखी. सपाट हायवेवर इंजिन निवांत चालतं, हा फायदाच म्हणायचा. पण कसाऱ्याचा घाट चढताना, तेही हौद्यात माल असताना, तिसऱ्यावर निघणारी गाडी दुसरा मागते. ब्रेकचंही तेच. ड्रम तेवढाच, चाक मोठं, म्हणजे तेवढ्याच पायात मागची पकड कमी.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह असेल तर हा विषय इथेच संपला. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफ्रन्शियल मध्ये नसतं. 733 चं चाक शंभर मीटरमध्ये 43 पेक्षा जरा जास्त फेरे घेतं, 787 चं साधारण 40. हे तीन फेऱ्यांचं अंतर कुठेतरी निघायलाच हवं. चिखलात चाक घसरून निघतं. डांबरावर ते गिअर, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि हाउसिंगवर निघतं. फोर व्हीलचा लिव्हर अडकून बसतो, काढता निघत नाही, मग रिव्हर्स मारून सोडवावा लागतो. ‘मी फोर व्हील टाकतच नाही’ असं म्हणणाऱ्याच्या शेतात पहिला वळीव पडू द्या.

टू व्हील पिकअपला ही अडचण नाही. तिथे प्रश्न जागेचा. 160 चा टायर काढून 255 चा टाकला की रिमच्या मध्यापासून दोन्ही अंगांना 47-48 मिलिमीटर जागा लागते. आतल्या अंगाला पाटे आणि यू-बोल्ट, बाहेर मडगार्डची कड, वर हौद्याचा तळ. आत घासायला लागलं की फिटर म्हणतो, ‘स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) टाकू, दोन मिनिटांचं काम.’ काम दोन मिनिटांचंच आहे. पण चाक जितकं बाहेर सरकतं तितका हबच्या बेअरिंगवर आणि हाफ शाफ्टवर ताण वाढतो, आणि स्टड आखूड पडले तर नट अर्ध्याच आट्यांवर बसतो. त्यापेक्षा योग्य ऑफसेटची, म्हणजे चाक हबपासून हवं तेवढंच आत-बाहेर बसवणारी रिम शोधावी. महिंद्रा जीपला पाच स्टड, साडेपाच इंच वर्तुळाचे. तीच रिम टाटाच्या पिकअपला बसेल असं धरून चालू नका.

जागा तपासायची ती गाडी सपाट उभी असताना नव्हे. एका बाजूचं मागचं चाक ठोकळ्यावर चढवा, म्हणजे ॲक्सल तिरका होईल आणि त्या बाजूचा टायर मडगार्डात शिरेल. पाट्याच्या बाहेरच्या बाजूला आणि मडगार्डच्या आतून जाड खडू फासा, हौद्यात नेहमीचा माल टाका आणि दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षमळ्याच्या बांधावरून चक्कर मारून या. खडू पुसलेला दिसला तिथे टायर लागतोय.

काळ्या मातीत जाड टायर चांगला चालतो हा समज मात्र अर्धवट आहे. वर थोडा चिखल आणि खाली टणक जमीन असेल तर बारीक टायर चिखल कापून तळ गाठतो. जाड टायर वर तरंगतो, खाचा मातीने भरतात आणि गुळगुळीत गोळा फिरत राहतो. पावसातल्या डांबरावरही तेच. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग आधीच हलका, त्यात टायर रुंद, म्हणजे इगतपुरीच्या पावसात साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला वेग फार लागत नाही. त्यामुळे हवा जुन्या टायरच्या आकड्याने भरू नका. टायरवर आडवी खडूची रेघ ओढा, सरळ थोडं चालवा. मधलाच भाग पुसला गेला तर हवा जास्त आहे.

पुढे जुने नायलॉन तसेच ठेवून फक्त मागे रेडियल (मापात ‘आर’ असलेले नव्या घडणीचे टायर) टाकणार असाल तर चालतं, उलटं कधीच करू नका. एकाच ॲक्सलवर दोन जातींचे टायर तर नकोच. टायरवरचा भाराचा आकडाही बघून घ्या: 105 म्हणजे एका टायरला 925 किलो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली, आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी गाडीला 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, म्हणजे पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवणं आलंच. मडगार्डच्या बाहेर डोकावणारा टायर तिथे लांबूनच दिसतो. 255 मडगार्डच्या आत बसवता येतो, ‘एकतीस’ला बहुतेकदा पत्रा वाढवावा लागतो. जुन्या रिम आणि टायर विकू नका, पासिंगला लागतील.

राहिली स्टेपनी. 235 आणि 255 च्या जोडीला पुढच्या मापाची एकच स्टेपनी मागेही भागवते, पंक्चरवाला गाठेपर्यंत. ‘एकतीस’ला ती चालत नाही: एका बाजूला 733, दुसऱ्या बाजूला 787, आणि मधलं डिफ्रन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. मग दोन स्टेपन्या हौद्यात टाकायच्या, आणि माल कुठे ठेवायचा ते बघायचं.