आयईएलटीएस की पीटीई? फक्त रायटिंगपुरतं बोलू

आयईएलटीएस आणि पीटीई या परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षा. विद्यापीठाला दोन्हींचे गुण चालत असतील आणि गाडी फक्त रायटिंगवर अडत असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी. आयईएलटीएस इथे ॲकॅडमिक (विद्यापीठ प्रवेशासाठीची) आणि कॉम्प्युटरवरची धरली आहे. कागदावर शब्द मोजत बसायचं आणि मध्येच एक वाक्य घुसवायला अर्धा परिच्छेद खोडायचा, ही हौस कुणाला असेल तर गोष्ट वेगळी.

वरवर पाहता पीटीई हलकी वाटते. निबंध 200 ते 300 शब्दांचा, वेळ 20 मिनिटं, आलेख-नकाशांची भानगड नाही. आयईएलटीएसमध्ये तासाभरात आलेखाचं वर्णन (टास्क 1) किमान 150 शब्दांत आणि निबंध (टास्क 2) किमान 250 शब्दांत. लिखाण जास्त, आणि तपासायला माणूस बसलेला. तरी माझा कल आयईएलटीएसकडेच. पीटीईचा निबंध मला खटकत नाही. खटकतं ते त्याच्याआधी येणारं ‘समराइझ रिटन टेक्स्ट’.

साधारण 300 शब्दांपर्यंतचा उतारा, 10 मिनिटं आणि 5 ते 75 शब्दांत सारांश, तोही एकाच वाक्यात. मध्ये पूर्णविराम टाकून दुसरं वाक्य सुरू केलंत की फॉर्मचा, म्हणजे ठरलेली रचना आणि शब्दमर्यादा पाळण्याचा, गुण शून्य, आणि तो शून्य झाला की व्याकरण-शब्दसंपत्तीचे गुणही गेले. मग माणूस काय करतो? ‘ऑल्दो’ने सुरुवात, मध्ये दोन ‘व्हिच’, एक ‘अँड’, शेवटी ‘देअरफोर’. पन्नासाव्या शब्दापर्यंत कर्ता कोण होता तेच विसरलेलं असतं. ‘द रिझल्ट्स ऑफ द स्टडी, व्हिच...’ असं लांबत गेलेलं वाक्य अखेर ‘शोज’वर येऊन आदळतं. कर्ता अनेकवचनी, क्रियापद एकवचनी! दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘हाउएव्हर’आधी नुसता स्वल्पविराम. दोन पूर्ण वाक्यं जोडायची तर तिथे अर्धविराम लागतो.

यावर उपाय आहे, नाही असं नाही. आधी उताऱ्यातला मुख्य दावा पंधराएक शब्दांत उघडावाघडा लिहा. मग पुढून एक ‘ऑल्दो’ किंवा मागून एक ‘बिकॉज’ जोडा. दोन्ही जोडण्याचा मोह शक्यतो टाळा. 35 ते 45 शब्द पुरेसे होतात. शेवटी फक्त कर्ता आणि क्रियापद वाचून पाहा, आणि पूर्णविराम एकच आहे ना ते बघा. पण खरं सांगायचं तर ही कसरत परीक्षेबाहेर कुठे उपयोगी पडत नाही. एरवी लांब वाक्य तोडा म्हणून शिकवतात, इथे तोडलं की शून्य.

यात भर घड्याळाची. पीटीईत प्रत्येक लेखनाचा वेळ वेगळा. सारांश सहा मिनिटांत उरकला तर उरलेली चार निबंधाला मिळत नाहीत, आणि मागेही जाता येत नाही. आयईएलटीएसचा पूर्ण तास तुमचा. टास्क 2चं वजन टास्क 1च्या दुप्पट असल्यामुळे आधी निबंध लिहून टाकला तरी चालतं. पाच मिनिटं मुद्दे, तीस मिनिटं लेखन, पाच मिनिटं तपासणी, आणि उरलेली वीस आलेखाला. शब्दसंख्या पडद्यावर दिसते, पण स्पेलिंगची चूक कॉम्प्युटर दाखवत नाही, त्यामुळे तपासणीची पाच मिनिटं खाऊ नका.

आयईएलटीएसही काही साधी नाही. टास्क 1मध्ये अनेकांचा बँड (0 ते 9 मधला गुण) जातो तो ‘ओव्हरव्ह्यू’ न लिहिल्यामुळे. आकडे ओळीने नोंदत गेलात आणि एकूण काय वाढलं, काय घटलं हे दोन वाक्यांत सांगितलं नाहीत, तर इंग्रजी कितीही चांगलं असो, टास्क अचीव्हमेंट, म्हणजे विचारलेलं काम पूर्ण केल्याचा बँड, 5च्या आसपास अडकतं. ओव्हरव्ह्यू प्रस्तावनेच्या लगेच खाली टाका, आणि त्यात एकही आकडा नको.

पीटीईच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तिथे ‘राइट फ्रॉम डिक्टेशन’चे (ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिण्याचे) गुण लिसनिंगबरोबर रायटिंगलाही मिळतात, आणि अचूक लिहिलेल्या प्रत्येक शब्दाला गुण असतो. कान तयार आणि स्पेलिंग पक्कं असेल, पण मुद्दे सुचायला वेळ लागत असेल, तर पीटीई कदाचित तुम्हालाच मानवेल. निबंधात मात्र 120च्या खाली किंवा 380च्या वर जाऊ नका; तिथेही फॉर्म शून्य होतो.

मुद्दे सुचतात पण वेळेची ओढाताण होते अशांना मी आयईएलटीएस सुचवेन. आणखी एक सोय म्हणजे, लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग या चारपैकी एकट्या रायटिंगने घात केला तर कॉम्प्युटरवरच्या परीक्षेनंतर 60 दिवसांच्या आत ‘वन स्किल रीटेक’ देऊन तेवढाच भाग पुन्हा देता येतो. ही सोय सगळ्या केंद्रांवर नसते आणि सगळी विद्यापीठं ते गुण धरत नाहीत, म्हणून फी भरण्याआधी दोन्हीकडे विचारून घ्या.