ब्रासवर आच्छादनाचा दर काढण्याची पद्धत : हिवाळा ते पावसाळा वापरानंतरचा अनुभव

जळगाव शहर व आसपासच्या तालुक्यांत बंगल्यांच्या बागा, शाळांची आवारे आणि शेतघरांचा परिसर सांभाळणाऱ्या आमच्या लहानशा व्यवसायात आच्छादन अंथरण्याच्या, म्हणजे मल्चिंगच्या, कामाचा दर गेल्या हिवाळ्यापासून आम्ही घनफळावर काढत आहोत. त्यासाठी मोबाइलवर एक साधा तक्ता ठेवला आहे. त्यात वाफ्याची लांबी-रुंदी, आच्छादनाची जाडी, मालाचा ब्रासचा (१०० घनफुटांचा) भाव, वाहतूक, हजेऱ्या (मजुरांचे रोज), वरखर्च आणि नफ्याचे प्रमाण एवढ्याच गोष्टी भराव्या लागतात आणि शेवटी एकूण रक्कम व चौरस फुटाचा दर असे दोन आकडे मिळतात. मध्यम व मोठ्या कामांसाठी ही पद्धत मला अतिशय उपयोगी वाटली. छोट्या कामांसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. आणि सुकताना बसणाऱ्या मालाच्या बाबतीत ती डोळे झाकून वापरली तर फसवते.

आपल्याकडे बागेच्या कामाचा भाव चौरस फुटावर विचारण्याची रीत आहे. अमळनेर-धुळे पट्ट्यात गेलो की पहिलाच प्रश्न येतो, ‘भाऊ, फूटना काय भाव शे?’ प्रश्न रास्त आहे, कारण फरशी, रंग आणि हिरवळ यांचे भाव ग्राहकाने फुटावरच ऐकलेले असतात. आच्छादनात मात्र जाडी सांगितल्याशिवाय फुटाच्या भावाला काही अर्थ उरत नाही. १०० घनफुटांचा एक ब्रास माल दोन इंच जाडीने अंथरला तर ६०० चौरस फूट झाकतो, तीन इंचांनी ४०० आणि चार इंचांनी केवळ ३००. त्यामुळे एकाच वाफ्यासाठी दोन ठेकेदारांनी दिलेल्या दरांत मोठी तफावत दिसली, तरी ती बहुधा नफ्याची नसून जाडीची असते आणि ही गोष्ट कोणत्याच दरपत्रकावर लिहिलेली नसते. तक्त्यात जाडीचा रकाना भरल्याशिवाय पुढचा आकडा येतच नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. आता आमच्या प्रत्येक दरपत्रकावर ‘अंथरल्यानंतर पाणी मारून तीन इंच’ असे स्पष्ट लिहिलेले असते. ग्राहक पट्टी रोवून जाडी मोजतो, तेव्हा वाद होत नाही.

वाळू-मुरमामुळे ब्रास हे माप इथल्या ट्रॉलीवाल्यापासून मुकादमापर्यंत सर्वांना ठाऊक आहे; घनमीटर सांगितले की समोरच्याला पुन्हा गणित करावे लागते. ट्रॉलीचे मोजमाप करणेही सोपे आहे. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट उंच ट्रॉली सपाट भरली तर १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास होतात. विकणारा वर शीग लावून ‘दीड ब्रास’ म्हणतो. परंतु यावल किंवा चोपड्याहून खड्ड्यांच्या रस्त्याने आलेला हलका माल वाटेतच दबतो, त्यामुळे उतरवण्यापूर्वी फळ्यांच्या कडेने उंची मोजून तेवढ्याचेच पैसे ठरवावेत. किरकोळ मोजणीसाठी २०० लिटरचा पिंप उत्तम. असा एक पिंप सात घनफुटांचा असतो आणि साधारण चौदा पिंपांचा एक ब्रास होतो. बुंध्यापासून तीन फूट त्रिज्येचे गोल आळे तीन इंच भरायचे असेल, तर त्यालाही सातच घनफूट लागतात. म्हणून झाडांची आळी असतील तेव्हा मी तक्ता न उघडता ‘एका झाडाला एक पिंप’ असा अंदाज सांगतो आणि तो सहसा चुकत नाही. बुंध्याभोवती चार-सहा इंच जागा मोकळी सोडावीच लागते, कारण खोडाला चिकटलेले ओले आच्छादन साल कुजवते. या मोकळ्या जागेमुळे होणारी मालाची बचत मात्र नगण्य असते, तिच्यासाठी दरात सूट देऊ नये.

माल कोणता, यावर सगळा हिशेब फिरतो आणि या बाबतीत खानदेशात परक्या प्रांतातले आकडे चालत नाहीत. आमचा मुख्य माल पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, चुरा. कापसाची वेचणी संपल्यावर, फरदड (त्याच झाडांवरचे वाढीव पीक) न घेता डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करणारे शेतकरी पऱ्हाटी देतात. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरमधून ती काढली की बोटाएवढे तुकडे मिळतात, जे वाऱ्याने उडत नाहीत आणि दिसायलाही बरे दिसतात. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते, म्हणून बोंडे लटकलेली पऱ्हाटी बागेत आणू नये आणि कापसाच्या शेताला लागून असलेल्या शेतघरावर तर मुळीच नाही. भावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की वीटभट्ट्या आणि इंधनाच्या कांड्या बनवणारे कारखानेही हाच माल उचलतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ग्राहकांची मागणी येते, तेव्हा शेतातली पऱ्हाटी संपलेली असते. ज्याच्याकडे साठवायला जागा आहे, त्याने हिवाळ्यातच माल भरावा आणि साठवणुकीचा खर्च तक्त्यात वेगळा दाखवावा. आमच्या मूळ तक्त्यात हा रकाना नव्हता, तो नंतर जोडला.

शहादा भागातून येणारे उसाचे पाचट स्वस्त आणि भरपूर असते, परंतु ब्रासच्या हिशेबाला ते सर्वांत मोठा दगा देते. सैल पाचट सहा इंच अंथरले तरी दोन-तीन पावसांत वा पाण्यांत ते निम्म्यावर बसते. गव्हाचे काड आणि हरभऱ्याचे कुटार यांचेही तेच, शिवाय मे महिन्यातली वावटळ ते शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकते. केळीच्या पट्ट्यात, म्हणजे रावेर-यावलकडे, खांब व पाने फुकट मिळतात म्हणून मोह होतो. पण खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. चिरून टाकलेला खांब भुसावळच्या उन्हात वाळला की उरतो तो पातळ कागदासारखा थर. त्याचा ब्रासवर दर लावणे म्हणजे पाण्याचे पैसे घेणे होय. बागेत केळीची झाडे असतील, तर करपा रोगाची पाने आणून टाकणे रोग पसरू नये म्हणूनही टाळावे लागते. लाकडाच्या वखारीतला ताजा भुसा मी आता पूर्णपणे बंद केला आहे, कारण तो दाबून बसतो, वरचे पाणी आत जाऊ देत नाही आणि कुजताना मातीच्या वरच्या थरातले नत्र ओढून घेतो; हंगामी फुलझाडे पिवळी पडली की ग्राहक दोष बागवानालाच देतो.

यातून तक्त्यात ‘बसण्याचे प्रमाण’ हा गुणक आणावा लागला. पऱ्हाटीच्या चुऱ्याला मी पंधरा टक्के जादा धरतो, पाचटाला दुप्पट माल धरतो आणि केळीच्या अवशेषांचा दर ब्रासवर न देता नगावर देतो. आच्छादन म्हणून टाकायच्या दगडी गोट्यांना हे काही लागत नाही. मात्र एक ब्रास गोट्यांचे वजन चार टनांच्या पुढे जाते, ते छोट्या हत्तीत (लहान मालवाहू टेम्पोत) एका खेपेत येत नाहीत आणि आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ते तापून झाडांच्या मुळांना त्रास देतात, हे सांगूनच मी त्यांचा दर देतो.

हिशेब कसा चालतो, हे एका नमुन्यावरून दाखवतो. यातले भाव केवळ गणितासाठी धरलेले आहेत. हजार चौरस फुटांचा वाफा, तीन इंच जाडी, म्हणजे अडीच ब्रास. पंधरा टक्के जादा धरून जवळपास २.९ ब्रास. ब्रासचा भाव १,५०० रुपये धरला तर माल ४,३५० रुपयांचा. वाहतूक १,२००, पाचशेप्रमाणे चार हजेऱ्यांचे २,०००, आणि पाहणीच्या फेऱ्या, अवजारांची झीज, फोन, हिशेबनीस असा वरखर्च ९५०. एकूण ८,५०० रुपये. इथपर्यंत सगळे करतात. वीस टक्के नफा हवा म्हणून बहुतेक जण यात वीस टक्के मिळवून १०,२०० रुपये सांगतात; परंतु मिळालेल्या रकमेच्या वीस टक्के हातात राहायला हवे असतील तर ८,५०० ला ०.८ ने भागावे लागते आणि रक्कम १०,६२५ रुपये होते. पहिल्या रीतीने मिळणारा नफा विक्रीच्या १६.७ टक्के भरतो. एका कामात हा फरक ४२५ रुपयांचाच आहे, पण आमच्यासारख्यांचा निभाव अशाच फरकावर लागतो. तक्ता हा भागाकार आपोआप करतो. अखेरीस ग्राहकाला मी फुटाचाच दर सांगतो, ‘तीन इंचांसाठी दहा रुपये बासष्ट पैसे’. त्याला हवे ते उत्तर मिळते आणि आम्हाला हवी ती जाडी ठरते.

मजुरीच्या बाबतीत तक्ता भोळा आहे. तो ब्रासमागे ठरावीक हजेऱ्या धरतो. ट्रॉली वाफ्याशेजारी उभी राहत असेल तर ते ठीक. पण जुन्या जळगावातल्या बोळात माल रस्त्यावर उतरवून घमेल्याने मागच्या अंगणात न्यायचा असेल, तर तेवढ्याच मालाला जवळपास दुप्पट हात लागतात. एकसंध चारशे फुटांच्या वाफ्यापेक्षा चौदा आळी भरायला कितीतरी अधिक वेळ जातो, जरी दोहोंना माल एकच ब्रास लागत असला तरी. तण काढणे, आळ्याची कड नीट करणे आणि ठिबकच्या नळ्या उचलून पुन्हा बसवणे ही कामे मी आता वेगळ्या ओळींत दाखवतो. फावड्याने नळी कापली जाणे ही नेहमीची बाब आहे आणि आच्छादनाखाली गळणारी नळी महिनाभर कोणाला दिसत नाही. म्हणून काम झाल्यावर ठिबक चालवून दाखवण्याचा अर्धा तासही दरात धरलेला बरा. एप्रिल-मे महिन्यांत माणसे सकाळी सहा ते अकराच काम करू शकतात. पूर्ण हजेरीत अर्ध्याहून थोडे अधिक काम होते, आणि ते तसेच असायला हवे; त्यासाठी उन्हाळ्यापुरती मजुरी वाढवून धरण्याची सोय मी करून घेतली.

अंतराचा प्रश्न खानदेशात विशेष जाणवतो. धुळ्याचे काम जळगावातून केले तर एका बाजूचे सुमारे ९० किलोमीटर पडतात आणि गाडी बहुधा रिकामी परतते. येता-जाता दोन्ही फेऱ्यांचे पैसे दरात असले पाहिजेत, नाहीतर माल तिथेच जवळपास घ्यावा.

छोट्या कामांची मात्र या पद्धतीने पंचाईत होते. अर्ध्या ब्रासच्या कामाला तक्ता जो दर काढतो, तो वाहतुकीमुळे फुटाला इतका चढतो की ग्राहक तो ऐकून घेत नाही आणि कमी केला तर आपला दिवस वाया जातो. अशा कामांना मी किमान रक्कम ठरवून टाकली आहे व ती फोनवरच सांगतो. काही जण नाराज होतात. पण त्याच वसाहतीतले शेजारी मिळून माल मागवतात, तेव्हा तीच रक्कम वाटली जाते.

ग्राहकांचा प्रतिसाद दोन तऱ्हेचा आला. संस्थांना ही पद्धत फार आवडली, कारण त्यांच्या बांधकाम खात्याला ब्रास, जाडी आणि हजेरी ही भाषा कळते व तुलनात्मक दरपत्रके लावताना प्रत्येक ओळ तपासता येते. त्यांच्या देयकातून एक टक्का टीडीएस कापला जातो, एवढे ध्यानात ठेवून रोख पैशांची जुळवणी करावी. ती रक्कम विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरली जाते. बंगल्याच्या मालकांना मात्र सविस्तर तक्ता दाखवणे मी थांबवले. नफ्याची ओळ दिसली की घासाघीस तिथूनच सुरू होते. त्यांना जाडी, मालाचा प्रकार, एकूण रक्कम आणि पुढच्या भरणीचा दर, एवढेच लिहून देतो. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. तोवर दरात कर धरण्याचा प्रश्न नाही, पण त्या आकड्याच्या जवळ असलेल्याने पुढच्या हंगामाचे दर ‘कर वेगळा’ असेच लिहावेत.

पुढच्या भरणीबद्दल थोडे अधिक सांगण्यासारखे आहे. पऱ्हाटीचा चुरा एका पावसाळ्यात बराच कुजतो आणि तीन इंचांचा थर दिवाळीपर्यंत दीड-दोन इंचांवर येतो. तेव्हा पुन्हा तीन इंचांचा दर सांगणे अन्यायाचे ठरते, कारण लागतो तो इंच-दीड इंच माल, तणही कमी असते आणि कड आधीच तयार असते. तक्त्यात जाडी एक इंच भरली की रक्कम खूपच खाली येते. पण वाहतूक व किमान हजेऱ्या तेवढ्याच राहतात, म्हणून ती पहिल्या कामाच्या एक तृतीयांश कधीच होत नाही. हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगितले की तो वर्षाचा करार करायला राजी होतो, आणि मलाही जानेवारीत किती ट्रॉल्या पऱ्हाटी भरून ठेवायची याचा अंदाज येतो. सध्या या भरणीसाठी मी तक्त्याचे वेगळे पान केले आहे. त्यात जाडीच्या जागी ‘शिल्लक थर’ भरायचा आणि लागणारा माल त्यावरून निघतो. वाळवीचा उपद्रव असलेल्या घरांत भिंतीलगतची फूटभर पट्टी या पानावर मुद्दाम वजा केलेली आहे, कारण तिथे लाकडी माल घालायचाच नसतो.