मॅकिनी फॉल्सची ओनियन क्रीक फेरी: चालायला उत्तम, धबधब्याच्या आशेने जाऊ नका

ऑस्टिनच्या आग्नेयेला, टेक्सासच्या कॅपिटलपासून, म्हणजे राज्याच्या विधानभवनापासून, १३ मैलांवर मॅकिनी फॉल्स स्टेट पार्क आहे. नावात धबधबा आहे म्हणून ठोसेघर डोळ्यासमोर आणून जाल तर हिरमोड ठरलेला. इथले दोन्ही धबधबे बुटके आहेत आणि वर्षातले कित्येक आठवडे त्यांतून जेमतेम धार पडते. पण ओढ्याकाठची ओनियन क्रीक हाइक अँड बाइक ट्रेल ही २.८ मैलांची, म्हणजे साधारण साडेचार किलोमीटरची गोल फेरी मात्र सोप्या वाटांमध्ये वरच्या नंबरात बसते. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आणि स्ट्रोलरमधलं मूल यांना एकाच वेळी घेऊन जाता येईल अशा जागा ऑस्टिनजवळ फार नाहीत.

वाट पक्की आहे, त्यामुळे स्ट्रोलर, लहान मुलांची सायकल, गुडघे दुखणारी माणसं, सगळ्यांचं जमतं. मधे थोडा चढ-उतार आहे. धडधाकट माणसाला तो जाणवणारही नाही, पण व्हीलचेअर ढकलणाऱ्याला दम लागेल. घोट्यांना आधार देणाऱ्या बुटांची गरज नाही, साधे स्पोर्ट्स शूज पुरतात. ज्येष्ठांच्या चालीने, फोटो काढत, सव्वा ते दीड तास धरा.

सुरुवात अप्पर फॉल्सच्या पार्किंगपासून करा आणि ओढ्याची बाजू आधी घ्या. फेरीचा खरा ऐवज तिथेच आहे: बाल्ड सायप्रसची उंच झाडं, पिकानची सावली, खाली पाणी. उरलेला भाग कॅम्पिंगच्या जागांच्या बाजूने परत येतो. तिथे ओढा दिसत नाही, सावली विरळ होते आणि वाट तशी रटाळच आहे. जून ते सप्टेंबरमध्ये हा भाग अकरानंतर अंगावर येतो, कारण पारा सहज ३८ अंशांवर जातो. उन्हाळ्यात जायचंच असेल तर आठला गेट उघडताच आत शिरा आणि माणशी किमान एक लिटर पाणी जवळ ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये गवतात ब्लूबॉनेट फुलतात. नोव्हेंबरात सायप्रसची पानं विटकरी होऊन गळतात. सूचिपर्णी असूनही हे झाड पानं गाळतं, म्हणून हिवाळ्यात ती सगळी वाळल्यासारखी दिसली तरी मेलेली नसतात.

याच जातीचा ‘ओल्ड बाल्डी’ पार्कच्या नकाशावर शोधाच. वय ५०० वर्षांहून जास्त असल्याचा अंदाज आहे, उंची १०३ फूट आणि बुंध्याचा घेर १९५ इंच, म्हणजे सोळा फुटांवर. तिघांनी हात पसरले तर कसाबसा कवेत येईल.

आता पाण्याबद्दल, कारण लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ऑस्टिनमध्ये पाऊस झाला म्हणजे धबधबा वाहणार, असं नाही. ओनियन क्रीक पश्चिमेकडून, ब्लँको आणि हेज काउंटीतून येतो. वाटेत तो एडवर्ड्स अॅक्विफर या भूजलसाठ्याच्या भेगाळलेल्या चुनखडीवरून जातो आणि तिथे त्याचं पुष्कळसं पाणी जमिनीत मुरतं. तेच पाणी पुढे ऑस्टिनमधल्या बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांतून वर येतं. वरच्या भागात भरपूर पाऊस होऊन मुरण्यापेक्षा जास्त पाणी आलं, तरच ते पार्कपर्यंत टिकतं. निघण्याआधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) साइटवर ‘ओनियन क्रीक अॅट यूएस १८३’ या मापकाचा प्रवाह बघा. हा मापक पार्कच्या खालच्या अंगाला आहे. आकडा शून्याजवळ असेल तर कोरडा कातळ बघायला मिळेल. आलेख सरळ उभा चढत असेल तर त्या दिवशी काठाकडे फिरकूच नका. डोक्यावर निळं आभाळ असताना वरून लोंढा येऊ शकतो. २०१३ आणि २०१५ च्या ऑक्टोबरमधल्या पुरांनी या पार्कचं जबर नुकसान केलं होतं.

पोहायला परवानगी आहे, जीवरक्षक नाही. ओल्या चुनखडीवर शेवाळाचा पातळ थर असतो आणि तो वरून दिसत नाही. पडणारी बहुतेक माणसं पाण्यात पडत नाहीत, पाण्यातून बाहेर येताना कातळावर घसरतात. चपला काढून हातात घेण्यापेक्षा मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. डोहात वरून सूर मारणं तर मूर्खपणाच आहे, कारण खालचे दगड दिसत नाहीत आणि पातळी दर आठवड्याला बदलते.

लोअर फॉल्स या फेरीत येत नाही, त्यासाठी वेगळं पार्किंग आहे. पार्किंगपासून अंतर थोडंच, पण पुढे उघडा, खाचखळग्यांचा कातळ आहे. काठी घेऊन चालणाऱ्यांना तिथे नेऊ नका. ज्यांना जमेल त्यांनी मात्र जरूर जावं, कारण पार्कची सगळी भूगर्भकथा तिथे उघड्यावर पडलेली आहे. जवळच्या पायलट नॉब या ज्वालामुखीचा सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात उद्रेक झाला. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा त्या मानाने अलीकडचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. इथे चुनखडीच्या खाली त्या राखेचा मऊ थर आहे. पाणी तो आधी कोरतं, वरचा दगड अधांतरी राहतो आणि शेवटी मोठमोठे तुकडे होऊन खाली बसतो. ओढ्यापलीकडच्या होमस्टेड ट्रेलवर थॉमस मॅकिनी या टेक्सासच्या सुरुवातीच्या वसाहतकाराच्या दगडी घराचे अवशेष आहेत. पार्कला नाव त्याचंच. तिथे जायला पाण्यातून पाय ओले करत जावं लागतं, म्हणून आजी-आजोबा बरोबर असताना तो बेत नको.

खर्चाचं गणित सोपं आहे. प्रवेश माणशी ६ डॉलर, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. वर्षभराचा पास ७० डॉलरचा असून गाडीतल्या सगळ्यांना चालतो. चार मोठी माणसं असतील तर तिसऱ्या खेपेलाच तो वसूल होतो, शिवाय राज्यातल्या इतर स्टेट पार्कनाही चालतो. पण पास म्हणजे जागेची हमी नव्हे. शनिवार-रविवारी पार्क भरलं की गेटवरून परत पाठवतात, त्यामुळे पास असला तरी डे-पासचं ऑनलाइन आरक्षण आधी करा. राउंड रॉक, सीडर पार्ककडून येणाऱ्यांनी आय-३५ हायवेच्या नादी न लागता १८३ हायवे धरावा. टोल पडतो, पण डोकं शांत राहतं.

झाडोऱ्यात पॉयझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी वेल आहे: तीन-तीन पानांचा झुपका, मधल्या पानाचा देठ लांब. हात लागलाच तर लगेच साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने त्याचं तेल जात नाही. गवतात सतरंजी अंथरण्याआधी फायर अँटची, म्हणजे कडकडून चावणाऱ्या मुंग्यांची, वारुळं बघून घ्या. मातीचा छोटा भुसभुशीत ढीग दिसला तर दुसरी जागा शोधा. डबा पिकनिक टेबलावरच उघडलेला बरा. कूलर उघडा टाकून पाण्यात गेलात तर रॅकून त्यातलं काही शिल्लक ठेवणार नाहीत.