नखरेल मांजर आणि वेट फूड: कुठला पाऊच घ्यावा, कसा वाढावा

पाऊच कापून बशीत काढला. मांजर जवळ आलं, एकदा हुंगलं, पुढच्या पंजाने बशीशेजारची फरशी माती उकरल्यासारखी उकरली आणि शेपूट वर करून निघून गेलं. बहुतेक घरांत इथेच निकाल लागतो, "आमच्या माऊला वेट फूड, म्हणजे पाऊच-डब्यातलं ओलं तयार खाणं, चालत नाही." चालत नाही ते बहुधा त्या घासाचं तापमान किंवा पोत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीचा तसाच पाऊच फ्रिजमधून काढून तसाच गार वाढला तर उत्तरही तेच मिळतं. म्हणून इथे आधी पोत पाहू, मग लेबल, आणि कंपन्यांची नावं सगळ्यांत शेवटी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पाण्यासाठी. मांजर मुळात वाळवंटी जातीचं. तहान कमी, शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवायची सवय. पिशवीतल्या कोरड्या दाण्यांत (ड्राय फूड) पाणी असतं साधारण 8 ते 10 टक्के, वेट फूडमध्ये 75 ते 85 टक्के. म्हणजे 80 ग्रॅमच्या एका पाऊचमधून जवळपास 65 मिली पाणी पोटात जातं, तर दिवसभराच्या 50 ग्रॅम दाण्यांतून जेमतेम 5 मिली. वाटीतलं पाणी पिऊन ही तूट मांजर पूर्ण भरून काढत नाही. ज्या बोक्यांना लघवीचा त्रास होऊन गेलाय, ज्यांना बद्धकोष्ठ आहे किंवा ज्यांची किडनी म्हातारपणी थकली आहे, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

आता पोत. आपल्याकडच्या दुकानांत तीन प्रकार दिसतात. ग्रेव्हीत मांसाचे तुकडे, जेलीत तुकडे, आणि लोफ किंवा मूस, म्हणजे गुळगुळीत वाटलेला गोळा. ग्रेव्ही सगळ्यांत सहज खपते आणि सगळ्यांत जास्त फसवते. मांजर रस्सा चाटून-पुसून घेतं आणि तुकडे कोरडे करून मागे ठेवतं. बशी रिकामी होत आल्यासारखी वाटते, पण प्रथिनं बशीतच राहिलेली असतात. शिवाय रस्सा दाट करायला बऱ्याचदा स्टार्च किंवा गव्हाचं ग्लुटेन वापरलेलं असतं. जेलीत हा त्रास कमी, कारण जेली तुकड्याला चिकटून राहते आणि घासाबरोबर तुकडाही तोंडात जातो. लोफ पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त नाकारला जातो, तरी आमचं मत त्याच्याच बाजूने आहे. चमचाभर कोमट पाणी घालून काट्याने फेटला की त्याची पातळ पेज होते, कमी पाण्यात तो दाट राहतो, दाण्यांवर लेपासारखा बसतो. एकाच डब्यातून चार पोत काढता येतात. ग्रेव्हीचा पाऊच आधीच आणला असेल तर तुकडे रश्शातच काट्याने पूर्ण चिरडा, अगदी खिम्यासारखे. नुसतं एवढं केल्यानेही बऱ्याच मांजरांच्या बशीत तुकडे उरत नाहीत.

चौथा प्रकार म्हणजे क्रीमच्या नळ्या. मी-ओची 15 ग्रॅमची क्रीमी ट्रीट, शेबा मेल्टीची 12 ग्रॅमची नळी, इनाबाची 14 ग्रॅमची चुरू. यांना नाही म्हणणारं मांजर विरळा. पण हे जेवण नाही, खाऊ आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांत सगळा खाऊ मिळून दहा टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. नळीचा खरा उपयोग पुढे येतो आहे.

लेबल वाचताना पहिल्यांदा "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" हे शब्द शोधा. "कॉम्प्लिमेंटरी", "स्नॅक" किंवा "ट्रीट" लिहिलं असेल तर ते रोजच्या जेवणाला पुरत नाही, डबा कितीही महाग असो आणि आतले चिकनचे धागे डोळ्यांना कितीही छान दिसोत. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय सैल पडून मोठं होतं. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी दाखवून दिला आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यातलं टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. घरी फक्त उकडलेलं चिकन घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. नुसत्या चिकनात कॅल्शियम तर नसल्यासारखंच असतं, आणि उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं.

दुसरी गोष्ट प्रथिनांची टक्केवारी. दाण्यांच्या पिशवीवर 30 आणि पाऊचवर 8 बघून लोक पाऊच परत ठेवतात. ही तुलना पाणी वजा करून करायची. पाऊचमध्ये ओलावा 85 टक्के असेल तर कोरडा भाग उरला 15. त्यात 8 प्रथिनं, म्हणजे 53 टक्के. दाण्यांत ओलावा 10, कोरडा भाग 90, त्यात 30 म्हणजे 33 टक्के. पाऊच पुढे गेला. कर्बोदकं लेबलवर लिहिलेली नसतात, ती शंभरातून ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करून अंदाजाने काढावी लागतात. समजा एका ग्रेव्हीच्या पाऊचचे आकडे याच क्रमाने 82, 8, 2.5, 0.5 आणि 1.5 आहेत, तर उरले 5.5. कोरड्या भागाच्या हिशेबात ते 30 टक्के होतात. आधीच्या पाऊचपेक्षा ओलाव्यात फक्त तीन टक्क्यांचा फरक होता, पण खाणं पार बदललं. पाऊचवरच्या माशाच्या चित्रावर जाऊ नका, घटकांच्या यादीत पहिला शब्द कुठला आहे ते पाहा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते.

आता नावं. व्हिस्कास आणि मी-ओ यांचे 80 ग्रॅमचे पाऊच सगळ्यांत सहज मिळतात, आणि नखरेल मांजराच्या बाबतीत हा मोठा गुण आहे. मोठ्या कष्टाने लावलेली चव ऐनवेळी दुकानातून गायब झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. यांतले जेलीवाले प्रकार आधी आणा. रॉयल कॅनिनचा पाऊच 85 ग्रॅमचा आणि किमतीने चढा. त्यांचं इन्स्टिंक्टिव्ह नावाचं खाणं ग्रेव्ही, जेली आणि लोफ अशा वेगवेगळ्या पोतांत बनतं, त्यामुळे चव तीच ठेवून पोत बदलून पाहता येतो. दुकानदाराकडे कुठला आहे ते आधी विचारा. त्यांच्याच मदर अँड बेबीकॅट मूसचा 195 ग्रॅमचा डबा पिल्लांसाठी आणि व्यायलेल्या मांजरीसाठी असतो. पोत अगदी लुसलुशीत, त्यामुळे मोठ्या मांजराची सुरुवात करून द्यायला तो चमचा-दोन चमचे चालतो. रोजचं जेवण म्हणून नाही, कारण त्यात उष्मांक भरपूर, आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं मांजर त्यावर भराभर सुटतं. शेबाचे छोटे पाऊच एकाच वेळी संपतात, फ्रिजचा प्रश्नच येत नाही. एकट्या मांजराच्या घरात ही सोय किमतीपेक्षा मोलाची ठरते. कुठलाही असो, पहिल्यांदा बारा किंवा चोवीसचा खोका घेऊ नका. तीन पोतांचा एकेक सुटा पाऊच आणा.

वाढण्याच्या कामात सगळ्यांत आधी दाण्यांची दिवसभर भरलेली वाटी उचलायची. सकाळ आणि रात्र अशा दोन ठरलेल्या वेळा, हव्या तर तीन. जेवणाआधी तीन-चार तास काही नाही. भूक लागलेली नसताना नवा पदार्थ चाखायची मांजराला काहीच गरज वाटत नाही.

मग तापमान. मांजराची भूक नाकातून चालते. सर्दीने नाक चोंदलेलं मांजर जेवण सोडतं ते यामुळेच. गार अन्नाला वास येत नाही. बंद पाऊच वाटीभर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, तीन-चार मिनिटं बुडवून ठेवा. कापल्यावर थेंबभर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, गरमही नाही आणि गारही नाही असं लागलं पाहिजे, म्हणजे साधारण 37-38 अंश. पाऊचला आतून धातूचा पापुद्रा असतो, तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. भांडं उथळ आणि पसरट हवं, चहाची बशी उत्तम. खोल वाटीच्या कडांना मिशा टेकलेल्या काही मांजरांना खपत नाहीत.

पहिले तीन दिवस वेट फूड दाण्यांत कालवू नका. कालवलं की मांजर दोन्ही सोडतं, आणि हीच चूक सगळ्यांत जास्त घरांत होते. वेगळ्या बशीत अर्धा चहाचा चमचा, म्हणजे दोन-तीन ग्रॅम, दाण्यांच्या शेजारी ठेवा. चाटलं नाही तरी वीस मिनिटांनी मुकाट उचला, आग्रह नाही, बोटाने तोंडाला लावणं तर नाहीच. चौथ्या दिवशी त्या अर्ध्या चमच्यावर नळीतल्या क्रीमची बारीक रेघ ओढा, किंवा रोजच्या दाण्यांतले चार-पाच दाणे खलबत्त्यात कुटून ती पूड वर भुरभुरवा. ओळखीचा वास वर, नवा पोत खाली. चाटू लागलं की दर तिसऱ्या दिवशी एक चमचा वाढवा आणि रेघ छोटी करत न्या. एखाद्या टप्प्यावर अडलं तर मागच्या मापावर चार-पाच दिवस थांबा. साध्या मांजराला यात दहा दिवस लागतात, हट्टी मांजराला सहा आठवडेही.

दाणे किती कमी करायचे? चार किलोच्या, ऑपरेशन झालेल्या मांजराला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी लागतात. 80 ग्रॅमचा पाऊच धरा 55, म्हणजे दाण्यांचे 15 ग्रॅम. तेवढे मोजून काढा, अंदाजाने नको. पूर्ण वेट फूडवर न्यायचं तर दिवसाला साडेतीन पाऊच लागतील, आणि ते सगळ्यांना परवडत नाही. रोज एक पाऊच आणि बाकी दाणे, तेही चांगलंच.

काही गोष्टी मात्र सक्त टाळा. औषधाची गोळी नव्या खाण्यात लपवली की मांजर ते खाणं कायमचं सोडतं. कांदा-लसूण असलेला माशाचा रस्सा विषारी आहे, थोडासाही नको. सुकट-बोंबलात मीठ फार. वर घालायला हवं असेल तर बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचं पाणी दोन चमचे घाला. आणि दूध-पोळी मिटक्या मारत खातं म्हणून ती मानवते असं नाही. मांजराला गोड चवच कळत नाही, ते दुधातल्या स्निग्धांशावर जातं, आणि मोठेपणी बहुतेकांना दूध पचत नाही.

एप्रिल-मेमध्ये उघडं वेट फूड अर्ध्या तासावर ठेवू नका, एरवीही तासाभरात उचला. मुंग्यांसाठी पसरट ताटलीत बोटभर पाणी घालून मधे बशी ठेवायची. कापलेला पाऊच झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये एक दिवस, फार तर दोन. वाढताना डबा पुन्हा गरम पाण्यात ठेवायचा. दुसऱ्या वेळचं खाणं नाकारलं जातं ते बहुतेकदा ही पायरी गाळल्यामुळे.

उपाशी ठेवून वळवायचा प्रयोग कधीही करू नका. मांजर, विशेषतः जाडं मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर चरबी यकृतात साचते आणि ते जिवावर बेततं. चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर जुने दाणे पुढे ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा, पिल्लू असेल तर बारा तासांतच. आधी आवडीने खाणारं मांजर अचानक बशीपाशी येऊन, तोंड लावून मागे सरत असेल, लाळ गळत असेल किंवा एकाच बाजूने चावत असेल, तर पाऊच बदलू नका, दात तपासून घ्या. दर आठवड्याला एकाच वेळी वजन करा. आधी मांजराला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने. पण घरच्या काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक नीट कळत नाही, म्हणून वजन घटतंय अशी शंका आली की दवाखान्यातल्या काट्यावर मोजून घ्या.