सापाला भरवायचा २४ इंची चिमटा: घ्या, पण रबरी टोप्यांवर डोळा ठेवून

पाळीव बॉल पायथन किंवा बोआला भरवण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा, टोकाला रबरी टोप्या असलेला २४ इंची चिमटा सर्रास विकला जातो. पकड उत्तम. गोठवून ठेवलेला आणि मग वितळवलेला मोठा उंदीर कमरेपाशी धरला की डोकं पुढे राहतं, घसरत नाही, आणि सापाने झडप घातल्याबरोबर बोटं सैल केली की सुटतो. हे सुटणं फार महत्त्वाचं. शस्त्रक्रियेचे लॉक लागणारे चिमटे स्वस्त पडतात, पण ऐन वेळी लॉक निघत नाही आणि साप चिमट्यासकट भक्ष्य ओढतो.

खरी खोट टोप्यांमध्ये आहे. गरम पाण्याने रबर ढिलं पडतं. विळखा घालून साप भक्ष्य हिसकतो, तेव्हा टोपी निसटून उंदराच्या केसांत अडकते आणि पोटात जाते. टोप्या काढून वापरावं, तर आतले दातेरी स्टील हिरड्यांना लागतं. म्हणून गुळगुळीत, गोल टोकाचाच घ्यावा. टोप्यांचा असेल, तर भरवून झाल्यावर दोन्ही जागेवर आहेत ना, ते दर वेळी बघा.

लांबीचं काय? सापाची झडप साधारण शरीराच्या एक तृतीयांश ते निम्म्या लांबीपर्यंत पोचते. एक-सव्वा मीटरच्या सापाला २४ इंच, म्हणजे ६० सेंटिमीटर, ठीक. तीन मीटरच्या बर्मीज अजगरासमोर मात्र हात थेट टप्प्यात येतो. तिथे चिमट्याच्या भरवशावर राहूच नका. पेटीत मधला पडदा सरकवून साप एका बाजूला ठेवा, भक्ष्य दुसऱ्या बाजूला टाका, दार लावा, मग पडदा काढा. शेजारी दुसरं मोठं माणूस हवंच. हाताला विळखा बसलाच तर तो शेपटीकडून सोडवतात. दात मागे वळलेले असतात, त्यामुळे चावा ओढून सोडवू नये, जखम फाटते.

चिमटा कितीही चांगला असला तरी उंदीर आतून गोठलेला असेल तर उपयोग शून्य. पिशवीत बंद करून रात्रभर फ्रिजमध्ये, मग हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात. पोट बोटांनी दाबा. कडक लागलं तर अजून वेळ आहे. मायक्रोवेव्ह नको, कुठे शिजतो, कुठे कच्चा बर्फ राहतो. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढंच असावं. नंतर ४८ तास साप हाताळू नये. पेटीची उबदार बाजू ३१-३२ अंशांच्या आसपास हवी, फार थंड पडली तर पचन अडतं आणि उलटी होऊ शकते. उलटी झाली तर निदान दहा दिवस काही देऊ नका, मग निम्म्या आकाराचं.

आणि आपल्याकडचा भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरी पाळताच येत नाही. परदेशी बोआ-पायथन असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली असावी.