मेटल, बेसच्या बाजूनं ऐकताना

रॉक किंवा मेटलचा अल्बम लावला की माझा कान आधी खाली जातो, बेस शोधायला, म्हणजे खालच्या सुरांची ती जाड तारांची गिटार. मी स्वतः कुठलंच वाद्य वाजवत नाही. पण गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, कुणालाही ऐकू येते. तिला वजन कुठून मिळतं हे मात्र बेसकडे लक्ष दिल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढची सगळी मतं एकाच कसोटीवर आहेत: बेस ऐकू येतो का, आणि येत असेल तर तो गाण्यासाठी नेमकं काय करतो. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका, त्या छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. साधा वायरवाला हेडफोन पुरतो.

सुरुवात ब्लॅक सॅबथपासूनच करायला हवी, आणि माझी निवड आहे १९७१चा 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट मेटलवाल्यांना पाठ असते. पत्र्याच्या कारखान्यात मशिनखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी. मग बोटांवर प्लॅस्टिकच्या टोप्या, पातळ तारा, आणि या अल्बमपर्यंत येईतो काही गाण्यांत तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन अर्धस्वर खाली उतरवलेल्या. सांगणारे ही गोष्ट गिटारपाशीच संपवतात. पण गिटारबरोबर गीझर बटलरचा बेसही खाली आला, तारा सैल पडल्या आणि त्याच्या सुरांना ओढ लागली. एखादा सूर तो दाबून जरा वाकवतो तेव्हा त्या सैलपणाचं सगळं वजन कानावर येतं.

'इन्टु द व्हॉइड' लावा आणि गिटारकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. या बँडमध्ये दुसरा गिटारवाला नाही. आयोमी सोलोला निघाला की खालची बाजू सांभाळायचं काम बटलरवर येतं. तो रिफ नुसती धरून बसत नाही. तिच्याभोवती फिरतो, मध्येच लांब जातो आणि आयोमी परत यायच्या आत जागेवर हजर असतो. बटलर मुळात रिदम गिटार वाजवायचा, बेसकडे नंतर वळला, आणि ते इथे स्पष्ट कळतं. बिल वॉर्डच्या ड्रममध्ये जॅझचा झुलता ताल आहे. त्या झुलण्यामुळे इतक्या खालच्या पट्टीतलं संगीतही चिखलात रुतत नाही. या अल्बमची नक्कल करणाऱ्या पुढच्या कित्येक बँडनी पट्टी उचलली, ते झुलणं उचललं नाही, आणि म्हणून ते मला दोन गाण्यांतच जड होतात.

अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा. त्यातला 'एम्ब्रियो' हा छोटासा तुकडा नसता तरी चाललं असतं. 'ऑर्किड' मात्र हवाच. त्या शांत अकूस्टिक गिटारनंतर 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' सुरू होतं तेव्हा बेसचा पहिला धक्का दुप्पट लागतो. 'सॉलिट्यूड'मध्ये आयोमी बासरी वाजवतो आणि ऑझी इतका हळवा गातो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हाच तो गायक यावर विश्वास बसत नाही. ज्यांना सॅबथ म्हणजे नुसता अंधार वाटतो, त्यांनी 'आफ्टर फॉरएव्हर'चे शब्द नीट ऐकावेत. त्यात चक्क देवावरच्या श्रद्धेची बाजू घेतलेली आहे.

डीप पर्पलच्या 'मशीन हेड'बद्दल (१९७२) थोडक्यात. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात सगळ्यांना येते, पण वाद्यं कोणत्या क्रमानं येतात ते ऐकलंय का? आधी एकटी गिटार, मग हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या जोडझांजा) आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, आणि सगळ्यात शेवटी रॉजर ग्लोव्हरचा बेस. तो येतो त्या क्षणी तीच रिफ, तेच सूर, पण गाणं मोठं होतं. बेस काय करतो हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर माझ्याकडे याहून सोपं उदाहरण नाही.

एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' (१९८०) निर्मितीच्या दृष्टीनं निर्दोष आहे. क्लिफ विल्यम्स कमीत कमी सूर वाजवतो आणि एकही चुकीच्या जागी ठेवत नाही. याहून अधिक त्या अल्बमबद्दल मला सांगायचं नाही.

मोटरहेडच्या 'एस ऑफ स्पेड्स'पाशी (१९८०) माझी कसोटीच उलटीपालटी होते. लेमी आधी गिटारवाला होता आणि बेसही तसाच वाजवायचा: रिकेनबॅकर बेस, मार्शलचे अ‍ॅम्प, भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज), सरळ कॉर्ड. त्यामुळे तळाला जो गोल, घुमणारा आवाज असतो तो इथे नाहीच. बेस वर मधल्या पट्टीत येऊन करकरतो. तरी अल्बम मला मनापासून आवडतो, कारण तिघेच जण आहेत आणि प्रत्येक जण स्वच्छ ऐकू येतो. पण मोटरहेड एकदाच ऐकायचं असेल तर पुढच्या वर्षीचा लाइव्ह अल्बम 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' घ्या. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता, आणि 'एस ऑफ स्पेड्स'मधली जी काही गाणी त्यात आहेत ती तिथे जास्त मोकळी झाली आहेत.

आयर्न मेडनमध्ये बँडचा मालक, गाणी लिहिणारा आणि बेसवाला एकच, स्टीव्ह हॅरिस. त्यामुळे बेस दबला जाण्याचा प्रश्नच नाही. तो प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) वापरत नाही, घोडदौडीसारखा तो ताल बोटांनीच वाजवतो, आणि तारांची खटखट ऐकू येते ती मला फार प्रिय आहे. 'पॉवरस्लेव्ह'मध्ये (१९८४) मधली बाजू जरा सैल आहे. तलवारबाजीवरची दोन गाणी लागोपाठ कशाला, हे मला आजही कळलेलं नाही. पण शेवटी कोलरिजच्या कवितेवरचं पावणेचौदा मिनिटांचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' येतं आणि सगळं माफ होतं. मध्यावर गाणं थांबतं, जहाजाची लाकडं कुरकुरतात, आणि तेवढ्या पोकळीत हॅरिसचा बेस हलकेच चालत राहतो. तिथे आवाज वाढवायचा मोह आवरा. पुढे बँड परत येतो तेव्हा कान शाबूत हवेत.

आता मेटॅलिका, म्हणजे माझ्या आनंदाचा आणि संतापाचा विषय. क्लिफ बर्टन असतानाचे तिन्ही अल्बम बेससाठीच ऐकावेत. 'फॉर हूम द बेल टोल्स'च्या सुरुवातीचं वळवळणारं वाद्य बऱ्याच जणांना गिटार वाटतं, तो बर्टनचा बेस आहे, डिस्टॉर्शन आणि वा-वा (पायानं आवाज वळवायचं पेडल) लावलेला. 'मास्टर ऑफ पपेट्स'मधलं (१९८६) 'ओरायन' हे शब्दांवाचूनचं गाणं तर त्याच्याशिवाय उभंच राहिलं नसतं. मध्यावर सगळं विझतं, बेस एकटा संथ चाल धरतो आणि गिटारी त्याच्यामागून येतात. मेटलमध्ये बेसला इतक्या मानानं पुढे बसवलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बर्टन गेला, २४ वर्षांचा होता.

त्यानंतरचा १९८८चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. जेसन न्यूस्टेड नवा बेसवाला म्हणून आला, वाजवला, आणि रेकॉर्डवर तो जवळजवळ नाहीच. मिक्स करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्पसननं नंतर मुलाखतींत सांगितलं, की बेस खाली न्यायची सूचना बँडकडूनच आली होती. शिवाय न्यूस्टेड बरेचदा रिदम गिटारचेच सूर वाजवतो, त्यामुळे जे थोडं उरलं तेही गिटारखाली झाकलं जातं. परिणाम असा, की ड्रम कोरडे टकटकतात, गिटारी वरून खरवडतात आणि मध्ये तळच नाही. हे लिहिताना त्रास होतो, कारण रचना म्हणून ही त्यांची सर्वात महत्त्वाकांक्षी गाणी आहेत. 'ब्लॅकन्ड'मधले तालाचे बदल बघा, किंवा बर्टनच्या राहिलेल्या कल्पनांवर बांधलेलं 'टू लिव्ह इज टू डाय'. दुःख पचवणाऱ्या बँडचा हा राग आहे, तो मला समजतो. पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला पासष्ट मिनिटं अर्धाच आवाज येतो, आणि मी त्याला अर्धेच गुण देईन. २०१८च्या रीमास्टरनंही (ध्वनी नव्यानं सुधारलेल्या आवृत्तीनं) बेस वर आणला नाही, तेव्हा त्या आशेनं तो घेऊ नका. १९९१च्या 'मेटॅलिका'मध्ये, म्हणजे काळ्या अल्बममध्ये, निर्माता बॉब रॉकनं तळ परत आणला. 'माय फ्रेंड ऑफ मिझरी' सुरूच न्यूस्टेडच्या बेसनं होतं, आणि आधीच्या वेळी आपण काय गमावलं ते तिथे कळतं.

स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) अर्ध्या तासाच्या आत संपतो. टॉम अरायाचा बेस तिथेही फारसा वेगळा काढता येत नाही, पण त्या वेगात कुणालाच थांबायला जागा नाही आणि निर्माता रिक रुबिननं घुमारा काढून टाकल्यामुळे प्रत्येक फटका कोरडा, जवळ लागतो. इथे मी तक्रार करत नाही.

डेथ मेटलला घाबरणाऱ्यांना मी डेथ या बँडचा 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) ऐकवते. स्टीव्ह डिजॉर्जिओ त्यात फ्रेटलेस बेस वाजवतो. पट्ट्या नसलेल्या त्या दांड्यावर सूर सरकत जातात, त्यात मींडीसारखं काहीतरी आहे, आणि वरती चक शुल्डिनर घसा फाडून ओरडत असतो. दोन्ही एकमेकांना खात नाहीत. गाणी समजायला वेळ लागतो, तेवढा द्या.

शेवटी खरेदीचं. सॅबथनंतरचा ऑझीचा 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' (१९८१) लोक गिटारवाल्या रँडी ऱ्होड्ससाठी घेतात, ते योग्यच आहे. पण बॉब डेझलीचा बेस तितकाच मोलाचा आहे. 'बिलीव्हर' उघडतं तेच त्याच्या रिफनं. मूळ कव्हरवर डेझली आणि ड्रमर ली कर्सलेक यांच्याऐवजी नंतर आलेल्या वादकांची नावं छापली होती. मग पैशांवरून खटले झाले, आणि २००२च्या आवृत्तीत या दोघांचं वादन पुसून रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बॉर्डिन यांच्याकडून नव्यानं वाजवून घेतलं. ते दोघेही पक्के वादक आहेत. पण ऱ्होड्स ज्यांच्याबरोबर वाजवत होता ते हे नव्हेत, आणि ते प्रत्येक गाण्यात जाणवतं. ऑझीच्या त्याआधीच्या 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ'चंही तेच केलं. २०११च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. तेव्हा वापरलेली सीडी घेत असाल तर मागच्या बाजूचं वर्ष बघा; २००२ असेल तर ती घेऊ नका.