हेसरघट्ट्याची फरसबी: पाच वाणांपैकी कोणती पिशवी उचलावी

फरसबीचे बी घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘एकरी किती टन निघेल?’ बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का’ वाणांना हा प्रश्न लावला, तर पाचही पिशव्या सारख्याच वाटतात. कोमल हेक्टरी 20 टन, अनूप 20, सुविधा 19, शरत 18.5, अर्जुन 17. दिवस सगळ्यांचे 70च्या आसपास. झाड सगळ्यांचे झुडपी, मांडव-काठी कशालाच नको. या आकड्यांवर निवड करणे म्हणजे लग्नाला नुसती उंची बघून होकार देण्यासारखे. शिवाय हे आकडे संशोधन केंद्रावरचे आहेत. शेतावर एकरी तीन-चार टन पदरात पडले तरी पीक चांगले आले म्हणायचे.

खरी निवड दुसऱ्याच गोष्टीवर ठरते. फरसबीचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी असतो. बहुतेक औषधांवर फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस त्याहून जास्त लिहिलेले असतात. म्हणजे तोडे चालू झाले की फवारणीचा दरवाजा जवळजवळ बंद. तेव्हा तांबेरा हा बुरशीचा रोग आला तर फवारून शेंगा फेकून द्या, नाहीतर तशाच विका, दोन्ही वाईट. म्हणून या पिकात रोगाला दाद न देणारा वाण दोन टन जास्त देणाऱ्या वाणापेक्षा भारी पडतो.

या कसोटीवर अर्का अनूप सगळ्यांत वर. अर्का बोल्ड आणि अर्का कोमल यांच्या संकरातून निघालेला हा वाण तांबेरा आणि जिवाणूजन्य करपा या दोन्हींना प्रतिकारक आहे. तांबेऱ्यात पानाच्या खालच्या बाजूला विटकरी रंगाचे फोड येतात आणि बोट फिरवले की भुकटी बोटाला लागते. करप्यात पानाची कड जळल्यासारखी तपकिरी होते आणि जळक्या भागाभोवती लिंबासारखा पिवळा काठ दिसतो. तांबेऱ्याला थंड रात्री आणि दव लागते, करप्याला पावसाचे उडणारे थेंब. जुन्नर, पुरंदर, वाई अशा भागांत खरिपाच्या लागवडीला पाऊस आणि दव दोन्ही मिळतात, तेव्हा तिथे डोळे मिटून अनूप घ्यावा. एक सावधगिरी मात्र हवी. तांबेऱ्याच्या बुरशीचे अनेक उपप्रकार (रेस) आहेत आणि आज टिकलेला प्रतिकार उद्या मोडू शकतो. प्रतिकारक म्हणजे चिलखत नव्हे. पाने उलटून बघायची सवय सोडू नये.

अर्का कोमल (मूळ नाव निवड 9) हा जुना आणि सगळ्यांत पसरलेला वाण. शेंग चपटी, सरळ, हिरवी, वाहतुकीत टिकणारी. गावोगावी सुटे बी ‘कोमल’ म्हणूनच खपते आणि खरी अडचण तिथेच आहे. सुट्या बियांत काय मिसळले आहे ते शेंग धरल्यावरच कळते. कोमलची शेंग वेळेवर तोडली तर उत्तम. दोन दिवस उशीर झाला की दाणा फुगतो, शिरा सुटतात आणि भाव पडतो. तांबेऱ्याच्या पट्ट्यात तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. कोरड्या रब्बीत आणि वेळच्या वेळी तोडा सांभाळणाऱ्या घरच्या माणसांच्या हाताखाली ती अजूनही पैसे देते.

सुविधा आणि शरत या बिनशिरांच्या शेंगा. सुविधा हा ब्लू क्रॉप आणि कंटेंडर या वाणांच्या संकरातून निवडत आणलेला वाण. शेंगेला शिरा नसणे हा गुण मुख्यतः एका प्रभावी जनुकावर चालतो, म्हणून संकराच्या पहिल्या पिढीत तो लगेच दिसतो. पण प्रभावी आहे म्हणूनच दुसऱ्या पिढीत कोणते झाड शुद्ध आणि कोणते मिश्र हे बाहेरून ओळखू येत नाही. प्रत्येक झाडाचे बी वेगळे पेरून पुढच्या पिढ्या तपासाव्या लागतात. पाकिटामागची कित्येक वर्षांची मेहनत ती हीच. शरतची शेंग गोल, गुळगुळीत, गरदार आणि कुरकुरीत. सुरीखाली सारखे तुकडे पडतात, म्हणून हॉटेलवाले आणि मॉल यांच्यासाठी शरत. घरगुती भाजीच्या गिऱ्हाईकाला चपटी शेंग ओळखीची असते. तिथे गोल शेंग नेली तर आडत्याला पहिले दोन-तीन दिवस समजावत बसावे लागते. आधी आडत्याशी बोला, मग शरतची पिशवी उचला.

अर्का अर्जुन आकड्यात सगळ्यांत मागे. पण पांढरी माशी पसरवते त्या पिवळ्या मोझॅक या विषाणूरोगाला तो प्रतिकारक आहे. पाने पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी भरून शेंगा वेड्यावाकड्या झाल्यावर 20 टनांचा वाण काय कामाचा? ज्या शिवारात मूग-उडीद दरवर्षी पिवळे पडतात, तिथल्या उन्हाळी लागवडीला दुसरा विचार करू नये. मात्र उन्हाळी म्हणजे भर एप्रिल-मे नव्हे. पारा 30 अंशांच्या बराच वर राहिला की कोणत्याही वाणाची फुले गळतात. त्याला अर्जुनही अपवाद नाही.

आता पिशवीबद्दल. लेबलवर उगवण किमान 75 टक्के, शुद्धता किमान 98 टक्के, ओलावा जास्तीत जास्त 9 टक्के हे आकडे शोधा. निळे लेबल म्हणजे प्रमाणित बियाणे, हिरवे म्हणजे विक्रेत्याच्या स्वतःच्या जबाबदारीवरचे सत्यप्रत. हिरवे वाईट असते असे नाही, पण त्यावरची चाचणीची तारीख नक्की बघा. बी किती लागेल हे अंदाजाने ठरवू नका. शंभर बिया मोजून वजन करा. ते 36 ग्रॅम भरले तर 45 बाय 15 सेंमी अंतरावर एकेक बी टोकायला एकरी साधारण 21.5 किलो लागते. नांग्यांसाठी, म्हणजे न उगवलेल्या जागा भरायला, चार-पाच किलो वर धरा.

उगवण बिघडली की दोष वाणाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो हाताळणीचा असतो. नऊ टक्क्यांपर्यंत वाळलेले बी काचेसारखे असते. पोते टेम्पोवरून आदळले की आतल्या डाळी तडकतात आणि कोंब दुखावतो; वरून बी अखंडच दिसते. असे बी उगवते, डाळी वर काढते, पण मधला शेंडाच नसतो. ही ‘टकली’ रोपे पुढे शेंग देत नाहीत. वावरात ओळीभर टकली रोपे दिसली तर कंपनीला फोन करण्याआधी पोते कसे आले ते आठवा. बी रात्रभर भिजत घालू नये, कारण कोरडे बी एकदम पाणी ओढते आणि तडकते. वाफसा आल्यावर तीन ते चार सेंमी खोल टोकावे. फरसबी डाळी जमिनीवर घेऊन वर येते, त्यामुळे पेरल्यावर जोराचा पाऊस येऊन पापुद्रा धरला तर रोपांच्या माना मोडतात. अशा वेळी हलके पाणी द्यावे.

हे कडधान्य असले तरी मुळांवर गाठी कमी धरते, म्हणून नत्र हात आखडून देऊ नये. कर्नाटकात प्रचलित मात्रा एकरी साधारण 25 किलो नत्र, 40 स्फुरद, 30 पालाश अशी बसते. निम्मे नत्र पेरताना, निम्मे 20-25 दिवसांनी मातीची भर देताना. भर टाळू नका. खोडमाशीची अळी जमिनीलगतचे खोड पोखरते; खोड सुजते, चिरते, झाड मलूल होते. भर दिलेल्या झाडाला वरून नवी मुळे फुटतात आणि ते तग धरते. भर ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती, पण खोडमाशीचा खरा इलाज पेरणीपूर्वीची बीजप्रक्रियाच, म्हणजे बियाला औषध चोळणे. पाचांपैकी एकही वाण ‘खोडमाशीला प्रतिकारक’ म्हणून विकला जात नाही, आणि ही या संचातली मोठी उणीव आहे.

पहिला तोडा 45 ते 50 दिवसांनी येतो. शेंग वाकवली की कट्ट आवाज करून मोडली पाहिजे. माल शीतगृहात ठेवायचा तर 5 ते 7 अंशांवर ठेवा. त्याखाली नेला तर बाहेर काढल्यावर शेंगेवर गंजासारखे डाग उठतात आणि व्यापारी त्याला तांबेराच म्हणतो.

हे पाचही वाण सरळ आहेत, म्हणजे काही संकरातून निघालेले असले तरी पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर झालेले, संकरित बियाणे नव्हेत, हा त्यांचा मोठा गुण. फरसबीत परागीभवन फूल उमलण्याआधीच होते, म्हणून घरचे बी धरता येते. प्रमाणित बियाण्याला पाच मीटरचे अंतर पुरेसे मानतात. कोरेगावचा वाघ्या घेवडासुद्धा याच जातीचा, तेव्हा तो शेजारी असेल तर तेवढे अंतर जरूर सोडा. घरच्या बियांत धोका वेगळाच: करपा, शेंगेवरचे खोलगट काळे डाग पाडणारा रोग आणि साधा मोझॅक हे तिन्ही बियांतून पुढच्या वर्षी येतात. मोझॅकची झाडे फुलावर येण्याआधी उपटा आणि डागी शेंगेचे बी धरू नका, वरून स्वच्छ दिसले तरी. बियांसाठी कडेची ओळ न तोडता राखा, शेंगा झाडावरच पिवळ्या पडू द्या आणि हाताने सोला. मळणी यंत्रात घातले की पुन्हा टकली रोपे. साठवण्याआधी एक दाणा दाताखाली धरा. दबला तर आणखी दोन दिवस पातळ ऊन, तडकन फुटला तर डब्यात भरा.